टाकी भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही, आयडल वरखाली: गॅस्केट की पर्ज व्हॉल्व्ह?

प्रश्न
पेट्रोल इंजिन, टर्बो नाही. स्कॅनरवर पी०१७१ (मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पी०४४१ (इव्हॅपचा, म्हणजे टाकीतली वाफ इंजिनात नेणाऱ्या यंत्रणेचा, प्रवाह चुकीचा) हे कोड येताहेत. आयडल ६५० ते ९५० आरपीएममध्ये हेलकावे खातं. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनचा संगणक पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) आयडलला +१८ टक्के, २५०० आरपीएमला +४. पेट्रोल भरून निघताना स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. टाकीचं झाकण बदललं, फरक नाही. मॅनिफोल्ड गॅस्केट (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडावरचं सील) उघडू का?

प्रतिसाद १
गॅस्केटला इतक्यात हात लावू नका. रेस केल्यावर ट्रिम खाली येते म्हणजे व्हॅक्यूम गळती आहे, हे खरं. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यात चोरवाटेने आलेली हवा लगेच जाणवते. पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर रेसला ट्रिम वाढली असती.

पण गॅस्केटच्या गळतीचा पेट्रोल भरण्याशी काही संबंध नसतो. टाकी भरताना वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यातल्या कोळशात जाते. कॅनिस्टर आणि इंजिन यांच्यामधला पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर स्टार्टर मारताच ती सगळी वाफ इंजिनात शिरते आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. कॅनिस्टर रिकामा झाला की त्याच वाटेने नुसती हवा येते, म्हणून पी०१७१.

थंड इंजिन सुरू करा. व्हॉल्व्हचा कॅनिस्टरकडचा पाइप काढून तोंडावर बोट ठेवा. थंड आयडलला तिथे ओढ लागता कामा नये. ओढ लागली, तर व्हॉल्व्हचा इलेक्ट्रिक कनेक्टर काढा. तरीही ओढ राहिली तर व्हॉल्व्ह आतून अडकलाय. ओढ थांबली तर वायरिंग आणि ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) सिग्नल बघा.

प्रतिसाद २
मल्टिमीटरवर विसंबू नका. व्हॉल्व्हच्या कॉइलचे ओम बरोबर येतात आणि सीट (व्हॉल्व्ह बंद होतो ती बैठक) मात्र नीट बसत नाही, असंच बहुतेकदा असतं.

व्हॉल्व्ह काढून पांढऱ्या कागदावर आपटा. काळे दाणे पडले तर कॅनिस्टर फुटलाय. नोझल कट झाल्यावरही पेट्रोल ओतत राहिलं की ते द्रवरूपात कॅनिस्टरमध्ये जातं आणि कोळसा खराब होतो. मग नुसता व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही, नव्या सीटखालीही दाणा अडकतोच.

प्रश्नकर्ता
कनेक्टर काढूनही ओढ तशीच आहे. कागदावर पाच-सहा दाणे पडले. आता स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करावी का?

प्रतिसाद १
ट्रिमसाठी गरज नाही. व्हॉल्व्ह नीट बंद होत असेल तर त्याच्या टाकीकडची गळती आयडलला इंजिनापर्यंत पोचत नाही. तिचे कोड वेगळे: पी०४४२, पी०४५५, पी०४५६. पुढे त्यातला एखादा आला तर स्मोक टेस्ट करा. दाब अर्धा पीएसआयच्या आसपास ठेवा, आणि व्हेंट व्हॉल्व्ह (कॅनिस्टरला बाहेरच्या हवेशी जोडणारा) स्कॅनरने बंद करून घ्या. तो एरवी उघडाच असतो, सगळा धूर तिथूनच बाहेर जाईल. कॉम्प्रेसरची हवा थेट टाकीत अजिबात सोडू नका.

प्रतिसाद २
व्हॉल्व्ह आणि कॅनिस्टर दोन्ही एकदमच बदला. मधला पाइप दोन्ही टोकांनी मोकळा करून हलक्या हवेने फुंका, दाणे पडायचे थांबेपर्यंत. काम मोकळ्या हवेत, इंजिन गार असताना करा, पाइपात पेट्रोलची वाफ असते. नंतर कोड आणि जुनी ट्रिम पुसा. इव्हॅपची स्वयंतपासणी बहुतेक गाड्यांत थंड स्टार्टनंतरच चालते, तीही टाकी पूर्ण भरलेली किंवा अगदी रिकामी नसताना, म्हणून टाकी अर्धी ठेवून चालवा.