मदत हवी आहे: सुपरमोटोवर वळताना पाय बाहेर की गुडघा?

नमस्कार मंडळी,

माझी हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही आहे, कच्च्या रस्त्यांसाठीची उंच बाईक. पुढचं २१ आणि मागचं १८ इंची चाक काढून दोन्हीकडे १७ इंची स्पोक रिम बसवून घेतल्या. पुढे ११०/७०, मागे १४०/७०, दोन्ही डांबराचे टायर. थोडक्यात सुपरमोटो: मातीतली बाईक, डांबराची लहान चाकं. बाकी गाडी शोरूममधून आली तशीच. रोजचं ऑफिस पुण्यात, आणि सवड मिळाली की मित्रांबरोबर कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर.

आधी बरीच वर्षं साधी स्ट्रीट बाईक चालवली, त्यामुळे वळणात अंग आत टाकून आतला गुडघा बाहेर काढायची सवय आहे. ट्रॅकवर मोटोक्रॉसमधून (मातीतल्या शर्यतींतून) आलेली मंडळी मात्र पाय पुढे सोडून, स्वतः सरळ बसून, गाडी खाली दाबून वळतात, आणि अरुंद वळणांत माझ्यापेक्षा स्पष्टच वेगात असतात. तसं करायला गेलो की तीन गोष्टी होतात:

१. बूट जमिनीला लागला की पाय मागे ओढला जातो. संध्याकाळी जांघेत कळ येते.
२. वळणात शिरताना पुढचं चाक एकदम आत पडल्यासारखं वाटतं. दोनदा पुढून सटकलंही, पडलो नाही एवढंच.
३. उजव्या वळणांत मी डाव्यांपेक्षा फारच हळू आहे.

सगळ्यात अरुंद हेअरपिनवर मीटर ४० दाखवतं. पाय बाहेर काढायची पद्धत शिकावी की जुन्या सवयीने गुडघा काढत राहावं? आणि हे घाटात चालतं का? जाणकारांनी सांगावं. व्हिडिओ भरपूर पाहिलेत, कृपया आणखी लिंका नकोत.

---

स्पोकवाला

भावा, पाय विसर. आधी बसतोस कुठं ते सांग.

नव्वद टक्के लोक पाय बाहेर काढतात आणि बूड मात्र सीटच्या मध्यावर ठेवतात. मग पुढच्या चाकावर वजनच राहत नाही, ते सटकणारच. सरकून टाकीला चिकट, अगदी अवघडल्यासारखं वाटेपर्यंत. मग बाहेरच्या बाजूला सरक, म्हणजे डावं वळण असेल तर सीटची उजवी कड कुल्ल्याखाली रुतली पाहिजे. बाहेरचा पाय फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यावर) ठाम, वजन त्याच्यावर, मांडी टाकीला दाबलेली. बाहेरचं कोपर वर आणि पुढे. आतला हात सरळ होत जातो आणि हँडल खाली ढकलतो. गाडी तुझ्या खालून झुकते, तू वरच राहतोस.

आता पाय. तो बाजूला काढायचा नाही, पुढं काढायचा. पुढच्या चाकाच्या अ‍ॅक्सलच्या दिशेनं, गुडघा किंचित वाकलेला, चवडा थोडा वर. तळवा जमिनीवरनं नुसता घासत गेला पाहिजे, त्याच्यावर भार द्यायचा नाही. बाजूला काढलास की जमीन तो मागं ओढणार, मग जांघ नाहीतर गुडघा जाणार. तुझी कळ तिथलीच आहे.

बूट कुठले वापरतोस?

---

धागाकर्ता

टूरिंगचे. घोट्यापर्यंत, रबरी सोलचे.

---

स्पोकवाला

मग पाय अडकणारच की. रबर डांबराला धरतं. मोटोक्रॉसचे उंच, कडक बूट घे आणि आतल्या कडेला नायलॉनचा स्लायडर लावून घे. सुपरमोटोसाठी बदलता येणारे स्लायडर असलेले बूटही मिळतात, पण महाग. ते येईपर्यंत पाय पेगवरच ठेवून सराव कर. टाकीला चिकटून बसणं, कोपर, गाडी खाली दाबणं, हे सगळं पाय न काढताही जमतं. एवढं जमलं की निम्मं काम झालं.

---

पाना_१३

वरचं सगळं मान्य. मी चाकांबद्दल लिहितो, कारण दुसऱ्या तक्रारीचं मूळ मला तिथे दिसतंय.

९०/९०-२१ टायरचा व्यास साधारण ६९५ मिमी. ११०/७०-१७ चा साधारण ५८६. म्हणजे पुढची धुरा जवळजवळ ५५ मिमी खाली आली. मागे १२०/८०-१८ जाऊन १४०/७०-१७ आल्याने फरक फक्त १० मिमीच्या आसपास. गाडी नाकावर झुकली, स्टिअरिंगचा कोन पावणेदोन अंशांच्या आसपास उभा झाला, आणि चाकच लहान झाल्याने ट्रेलही (चाकाला आपोआप सरळ ठेवणारं अंतर) घटला. चाक 'आत पडतं' ते यामुळे. याला दोष म्हणू नका, सुपरमोटोला वळायची ही घाई हवीच असते. फक्त हात जुन्या गाडीच्या सवयीने जोर लावतायत, तो कमी करावा लागेल.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. ब्रेकची डिस्क तीच, चाक लहान. लिव्हर तेवढीच दाबली तरी जमिनीवर ब्रेकचा जोर पूर्वीपेक्षा सुमारे १९ टक्के जास्त लागतो. एक्सपल्सचा पुढचा सस्पेन्शन, म्हणजे फोर्क, १९० मिमी प्रवासाचा आणि मऊ. तुम्ही ब्रेक धरता, नाक डुबकी मारतं, कोन आणखी उभा होतो. मग झटक्यात ब्रेक सोडला की फोर्क उसळतो आणि नेमका वळणात शिरताना पुढच्या टायरवरचा भार उडतो. सटकण्याची वेळ हीच असावी. तपासून पाहा.

उपाय साधा आहे. गाडी सरळ असताना जोरात ब्रेक, झुकवायला लागलात की बोट सावकाश सैल करत न्या, आणि वळणाच्या आतल्या टोकाशी पोहोचेपर्यंत पूर्ण सोडा. फोर्क दाबलेला राहतो, टायर धरून राहतो.

मीटरचंही एक. वेग पुढच्या चाकावरून मोजला जात असेल तर ४० दिसताना तुम्ही खरे ३४ च्या आसपास आहात.

---

धागाकर्ता

३४?! मित्रांना ४० सांगत फिरतोय.

सटकण्याची वेळ मात्र तंतोतंत तीच, ब्रेक सोडल्यासोडल्या. आता मूळ प्रश्न: गाडी खाली दाबून स्वतः सरळ बसलो तर गाडी उलट जास्त झुकणार ना? मग फायदा कसला? अंग आत टाकलं तर ती कमी झुकते, हेच आजवर शिकलो.

---

कोनमापक

बरोबर शिकलात.

वळणाची त्रिज्या १२ मीटर धरली तर ३० किमी वेगाला गाडी आणि स्वार मिळून साधारण ३१ अंश झुकावं लागतं, ३५ ला ३९, ४० ला ४६. हा एकत्रित गुरुत्वमध्याचा कोन, त्यातून सुटका नाही. अंग आत टाकलं तर गाडीचा स्वतःचा कोन याहून कमी, अंग सरळ ठेवलं तर जास्त. म्हणून रुंद, वेगवान वळणात गुडघा काढणं सरस. जागतिक सुपरमोटोतले रायडरही लांब वळणांत अंग आत नेतात, पाय पेगवर ठेवतात.

अरुंद वळणात हिशेब बदलतो. तिथे वेळ जातो तो गाडी या कुशीवरून त्या कुशीवर टाकण्यात. सुपरमोटोचं हँडल रुंद, सीट अरुंद, गाडी हलकी. स्वतः जागचं न हलता फक्त गाडी ढकलली तर ती क्षणात पलटते. अंग इकडून तिकडे न्यायला लागलात की पुढचं वळण येऊन ठेपतं. शिवाय टायर सटकला तर तुम्ही गाडीच्या वर असता आणि पाय टेकायला तयार असतो. आत लटकलेल्या माणसाला ती संधी नसते. उंच गाडीला झुकायला जागा भरपूर म्हणून हा चैनीचा कोन परवडतो. तुमची मात्र पुढून ५५ मिमी बसली आहे, पेग घासायला लागला तर तीच मर्यादा समजा.

ही पद्धत आली मातीतून. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडला 'सुपरबायकर्स' नावाची टीव्हीसाठीची शर्यत झाली, डांबर आणि माती एकाच ट्रॅकवर. मोटोक्रॉस, फ्लॅट ट्रॅक (मातीच्या सपाट गोल ट्रॅकवरच्या शर्यती) आणि रोड रेसिंगवाले एकत्र उतरवले, कोण भारी ते बघायला. पुढच्या वर्षांत एडी लॉसनसारखा रोड रेसरही तिथे जिंकला. खेळ नंतर फ्रान्समध्ये रुजला. सांगायचा मुद्दा, दोन्ही शैली पहिल्या दिवसापासून एकाच ट्रॅकवर आहेत. एक निवडून दुसरी सोडायची गरज नाही.

---

स्पोकवाला

उजव्या वळणाचं राहिलं. उजवा पाय बाहेर गेला की मागचा ब्रेक गेला! तू बहुतेक नकळत मागच्या ब्रेकवर अवलंबून आहेस, म्हणून उजवीकडं बिचकतोस. उजव्या वळणाआधी मागच्या ब्रेकचं काम उरकून घे, मग पाय काढ. डाव्या वळणात उलटं, गिअर खाली घ्यायचा तो पाय काढण्याआधी. मध्येच आठवलं तर काही करता येत नाही.

सरावाला ट्रॅकच लागतो असं नाही. मोकळं स्वच्छ मैदान, खुणेला ट्रॅफिकचे दोन शंकू, सेकंड गिअर, आठचा आकडा. नजर पुढच्या शंकूवर. थ्रॉटल थोडा पण अखंड. गाडी सरळ व्हायला लागली की पाय लगेच पेगवर, बाहेर लोंबकळत ठेवू नको.

आणि मागचं चाक आडवं करत वळणात शिरायचे व्हिडिओ बघितलेच असशील. तुझ्या गाडीला स्लिपर क्लच (गिअर खाली घेताना मागचं चाक अडकू न देणारा) नाही. सध्या तिकडं वळूच नको.

---

घाटवाट

घाटाबद्दल मी लिहिते, आठवड्याला ताम्हिणी करते म्हणून.

पाय बाहेर काढू नका. ट्रॅकवर पुढचं वळण तुम्हाला पाठ असतं. घाटात वळणापलीकडे खडी, पाण्याचा ओघळ, नाहीतर आपली लेन सोडून आलेली एसटी असू शकते, आणि तेव्हा तुम्हाला दोन्ही ब्रेक हवेत. खड्ड्याच्या कडेला बूट अडकला तर घोटा फिरेल.

यातलं एक मात्र घाटात कामाचं आहे. चढाच्या अगदी हळू हेअरपिनमध्ये दोन्ही पाय पेगवर ठेवून गाडी थोडी खाली दाबा, स्वतः सरळ राहा. दिसतं लांबपर्यंत आणि ओळ बदलायला वाव राहतो. बाकी वळणांत अंग गाडीबरोबर, वेग दिसेल तेवढाच.

---

धागाकर्ता

सर्वांचे आभार. पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर लावून टाकीला चिकटून बसून पाहिलं. आजवर मी किमान वीतभर मागे बसत होतो.

एकच शंका: इतकं पुढे बसल्यावर ब्रेक मारताना सगळा भार मनगटांवर येतो. तो कसा टाळायचा?

---

स्पोकवाला

ब्रेक मारताना मागं बस, दोन्ही गुडघ्यांनी टाकी आवळ, भार मांड्यांनी घे. ब्रेक सैल करायला लागलास की पुढं सरक, तेव्हाच पाय काढ. सुरुवातीला दोन वेगळ्या हालचाली वाटतील, एकच होईपर्यंत वेग वाढवू नको. आणि सीट कव्हर गुळगुळीत असेल तर बदल, खरखरीत घे.