चेनसॉ ट्यून करायला टॅकोमीटर घेतला, पण आकडा काही पटत नाहीये

सिमरोलवाला (इंदूर)
मंडळी नमस्कार, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. माझ्याकडे ५८ सीसी ची चायना चेनसॉ आहे, सिमरोलकडच्या शेतात बाभळी आणि वादळात आडवं झालेलं सुबाभूळ कापायला घेतली होती. मध्ये बंद पडायला लागली म्हणून एका मेकॅनिककडून कार्बोरेटर साफ करून घेतला, त्याने कानाने ऐकत ऐकत पेचकस फिरवून दिली, आता एकदम सुसाट पळते पण फुल रेसला आवाज इतका चिरका येतो की मलाच धडकी भरते. म्हणून तो छोटा डिजिटल टॅकोमीटर मागवला, प्लगच्या वायरवर त्याची वायर गुंडाळायची तोवाला. चार-पाच वेढे दिले, मीटर लगेच चालू झाला, इथपर्यंत ठीक. पण आयडलिंगला दाखवतो ५६०० च्या आसपास आणि फुल रेसला २४,८००!! मशीनच्या कागदावर आयडल २८०० आणि मॅक्स ११,००० लिहिलंय. आणि गंमत म्हणजे आयडलिंगला चेन जागची हलतसुद्धा नाही. आता मीटर खराब समजू का मशीन? आणि एच, एल, टी असे तीन स्क्रू आहेत, त्यात आधी कुठल्याला हात लावायचा? आमचे मामेभाऊ म्हणतात मीटर-बिटर सगळे नखरे आहेत, चालतीये ना मग चालव.

दोन_स्ट्रोक
मीटर चांगला आहे आणि मशीनही, सेटिंग चुकलंय फक्त. तुम्हीच लिहिलंय ना की चेन हलत नाही, त्यातच उत्तर आहे. सेंट्रिफ्युगल क्लच (फेरे वाढले की आपोआप चेनला जोडणारा) साधारण ३५०० ते ४५०० च्या मध्ये कुठेतरी पकडतो, म्हणजे खरंच ५६०० असते तर चेन गरागरा फिरली असती. मीटरच्या सेटिंगमध्ये जा, तिथे १पी१आर, १पी२आर, २पी१आर असं काहीतरी दिसेल (पी म्हणजे स्पार्क, आर म्हणजे फेरे). तुमचा १पी२आर वर असणार, म्हणजे एका स्पार्कला तो दोन फेरे धरतोय. चेनसॉ टू स्ट्रोक, फ्लायव्हीलच्या मॅग्नेटवर चालते, दर फेऱ्याला एक स्पार्क, त्यामुळे १पी१आर ठेवा. सगळे आकडे निम्मे होतील.

म्हणजे आयडल २८०० झालं, ते बरोबर. पण फुल रेसला १२,४०० निघतात आणि कागदावर ११,००० आहेत, तेव्हा तो चिरका आवाज तुम्हाला उगाच येत नव्हता. मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. एच (फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा स्क्रू) नीट करेपर्यंत कापायला घेऊ नका.

सिमरोलवाला (इंदूर)
अरे वा, अगदी बरोबर, १पी२आर वरच होता! बदलल्यावर २७५०-२८५० मध्ये नाचतोय आणि फुलला १२,४००. पण एक कळलं नाही, जास्त फिरते म्हणजे ताकद जास्त ना? मेकॅनिक तर तेच म्हणत होता की बघा कशी पळते.

दोन_स्ट्रोक
हवेत पळते हो, लाकडात नाही. टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं, वेगळा पंप नाही, त्यामुळे एच आवळून पेट्रोल कमी केलं की ऑइलही त्याच हिशेबात कमी आणि पेट्रोलमुळे जो गारवा मिळतो तोही कमी, आणि नेमके त्याच वेळी फेरे वाढलेले असतात. तिन्ही गोष्टी एकदम. मग पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे दिसायला लागतात आणि एक दिवस कापता कापता इंजिन बसतं. लीन मशीन मरायच्या आधी सगळ्यात छान पळते, म्हणूनच माणूस फसतो.

आता कसं करायचं ते. आधी एअर फिल्टर साफ, प्लग ठीक, बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) आणि चेन लावलेली आणि ताण बरोबर, ताजं मिक्स पेट्रोल. सायलेन्सरची जाळीही बघून घ्या, कार्बनने बुजली असेल तर फेरे चढतच नाहीत आणि मग माणूस एच वर राग काढतो. मशीन थोडी चालवून, एक-दोन फांद्या कापून गरम होऊ द्या, थंड मशीनवर केलेलं ट्यूनिंग फुकट. (तुमची आत्ता लीन आहे तर गरम करण्याआधीच एच पाव फेरा उघडा, सुरक्षित राहील.) स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की पेट्रोल कमी, उलट फिरवला की जास्त, एच आणि एल दोन्हींना हेच. टी चा पेट्रोलशी संबंध नाही, तो फक्त थ्रॉटलची पट्टी टेकवतो.

सुरुवात एल पासून, तो आयडलिंगचं पेट्रोल ठरवतो. आयडलिंगला हळूहळू आत-बाहेर करत मीटरवर सगळ्यात जास्त फेरे कुठे येतात ते शोधा, आणि तिथून पाव फेरा उलटा, म्हणजे रिचकडे (पेट्रोल जास्त). मग टी ने आयडल कागदाप्रमाणे आणा, चेन थांबलेलीच पाहिजे. रेस दिल्यावर अडखळली तर एल अजून किंचित उघडा. मगच एच. एच करताना फुल रेस दाबून पेचकस फिरवत बसू नका, चेन फिरत असते! रेस सोडा, स्क्रू थोडासा फिरवा, दोन्ही हातांनी मशीन धरून फुल रेस, तीन-चार सेकंदात आकडा वाचा, सोडा. लोड नसताना दहा सेकंदांच्या वर कधीच दाबून ठेवायचं नाही. मीटर खाली बघत बसण्यापेक्षा जोडीला कुणीतरी घ्या आकडा वाचायला, आणि त्याला चेनच्या रेषेत उभं करू नका. ११,००० च्या थोडं खालीच थांबा, १०,८०० वगैरे. शेवटी आयडल परत तपासा, एच हलवला की तेही थोडं हलतं.

सगळंच विस्कटलं आणि कुठून सुरू करावं कळेनासं झालं तर एच आणि एल हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग एकेक फेरा बाहेर, बहुतेक मशिनी तेवढ्यावर चालू होतात. टेकल्यावर आवळायचं मात्र नाही, सुईचं टोक आणि आतली सीट दोन्ही खराब होतात आणि मग कुठलाही मीटर कामाचा नाही.

जुना_फिटर (ग्वाल्हेर)
आमच्या वेळी कुठे होते मीटर. फुल रेसला आवाज थोडा फुटका, भरभरता यायला पाहिजे, जुनी राजदूत चोक ओढून चालवल्यासारखा, आणि बार लाकडात टेकवला की तोच आवाज साफ व्हायला पाहिजे. लाकडात साफ, हवेत फुटका, बस. याला म्हणतात फोर स्ट्रोकिंग. मिक्श्चर रिच असलं की दर फेऱ्याला नीट पेटत नाही, मध्ये चुकतं, लोड आला की पेटायला लागतं. हवेतच साफ येत असेल तर लीन, आणि लाकडातही फुटकाच राहिला तर फार रिच. यात मीटर काय वेगळं सांगणार? पैसे वाया.

दोन_स्ट्रोक
फिटर काका, तुमचं शंभर टक्के बरोबर, शेवटची परीक्षा लाकडातच. पण ज्याचा कान तयार नाही त्याने काय करायचं? इथे ज्याने ट्यून केली त्याचाही कानच होता ना. दुसरं म्हणजे आजकालच्या बऱ्याच मशिनींना लिमिटरवाली कॉइल येते, ठराविक फेऱ्यांच्या वर ती स्वतःच स्पार्क तोडते, आणि तो आवाज हुबेहूब फोर स्ट्रोकिंगसारखा. कानाला वाटतं रिच आहे, मस्त, आणि आत मशीन लीन असते. तिथे मीटर बघितला तर कळतं, आकडा एकाच जागी डोकं आपटत राहतो आणि एच थोडा उघडला तरी खाली येत नाही. अजून उघडत गेलात की मग कुठेतरी खाली यायला लागतो, खरं ट्यूनिंग तिथून पुढे.

आणि आकडा ज्याचा त्याचा असतो. हुस्कवर्ना कंपनीची ३६५ चेनसॉ घ्या आणि ३७२ एक्सपी घ्या, एकाच घरातल्या दोघी, पण पहिलीला १२,५०० आणि दुसरीला १३,५००. शेजाऱ्याची १३,५०० वर चालते म्हणून आपली पण चढवायची, असं नाही.

जुना_फिटर (ग्वाल्हेर)
कॉइलचं मान्य. आमच्या काळात पॉइंटवाल्या होत्या, ही भानगडच नव्हती. तरी मी म्हणेन मीटर वरची हद्द सांगतो, ट्यूनिंग सांगत नाही.

दोन_स्ट्रोक
हद्दीपुरताच घ्या हो, मी पण तेवढंच म्हणतोय. खालचं कानाने.

बडोदेकर
एक मुद्दा राहिला, हवामान. आमच्या काकांची सॉ इंदूरला ट्यून केलेली होती, ते बडोद्याला घेऊन आले आणि इथे ती चिरकायला लागली. कोणी हात लावलेला नव्हता. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, बडोदा जेमतेम चाळीसेक मीटर, खाली हवा दाट, तेवढ्याच पेट्रोलला हवा जास्त म्हणजे लीन. उलट इथली तिकडे नेली तर थोडी रिच होईल, धूर काढेल, पण मरणार नाही. थंडीचंही तसंच. मे महिन्यात ४२ डिग्रीला ट्यून केलेली मशीन डिसेंबरच्या सकाळी १० डिग्रीला काढली तर हवा साधारण दहा टक्के दाट असते. फिटर काकांच्या ग्वाल्हेरला तर दोन्ही टोकं अजून कडक. म्हणून मी टँकच्या झाकणाजवळ कागदी टेप चिकटवून त्यावर महिना आणि फुल रेसचा आकडा लिहून ठेवतो. दिवाळीनंतर एकदा मीटर लावायचा, चढला असेल तर एच किंचित उघडायचा. हे कानाने नाही होत, सहा महिन्यांपूर्वीचा आवाज कोणाच्या लक्षात राहतो.

आणि पेट्रोल कुठलं वापरताय? आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळे त्याच स्क्रूवर मशीन आणखी लीन चालते. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, आपल्याकडे आता पर्याय फारसा नाही, तर निदान टँकमध्ये महिनोन्महिने भरून ठेवू नका, कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) कडक होतो. काम झालं की टँक रिकामा करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची.

सिमरोलवाला (इंदूर)
ई२० च आहे, आणि ऑइल मी १:२५ टाकतो, म्हणजे लिटरला ४० मिली. म्हटलं ऑइल जास्त असलं की सेफ, लीनचं टेन्शन नको.

दोन_स्ट्रोक
हा गैरसमज खूप जणांचा आहे. जेटमधून जेवढं जातं तेवढंच जाणार, त्यात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल तेवढं कमी झालं, म्हणजे मिक्श्चर उलट किंचित लीनकडे सरकतं. ऑइल साधं असेल आणि कागदावर १:२५ लिहिलं असेल तर १:२५ च ठेवा, चांगलं टू स्ट्रोक ऑइल असेल आणि कंपनी १:५० म्हणत असेल तर लिटरला २० मिली. मुद्दा काय, एक ठरवा आणि त्यावरच ट्यून करा, दर डब्याला वेगळं माप नको.

सिमरोलवाला (इंदूर)
केलं मंडळी. एच जवळजवळ अर्धा फेरा उघडावा लागला, आता १०,८०० ते १०,९०० दाखवतो, आवाज फिटर काका म्हणाले तसा भरभरता येतोय आणि बाभळीत बार टेकवला की साफ होतो. कापायला उलट जास्त जोर वाटतोय. मामेभाऊ गप्प झाले आहेत, आता मीटर त्यांनाच पाहिजे, त्यांच्या ब्रश कटरला.

पण एक गोष्ट खटकतेय. रेस सोडल्यावर फेरे लगेच खाली येत नाहीत, ३६०० ला अडकतात, थोडा वेळ थांबतात मग २८०० ला येतात. आणि मशीन क्लचच्या बाजूवर आडवी धरली तर आयडल चढतं, दुसऱ्या बाजूवर केली की ठीक. एल अजून उघडू का?

जुना_फिटर (ग्वाल्हेर)
नको!! एल ला हात लावू नको बाळा. आडवी केल्यावर आयडल बदलतं आणि रेस सोडल्यावर फेरे लटकतात, म्हणजे कुठूनतरी हवा ओढतेय. स्क्रूने ते झाकलं जाईल, बरं होणार नाही, आणि गरम झाल्यावर परत लीन. आधी कार्बोरेटर आणि सिलेंडरच्या मधला रबर बूट बघ, चायना मशीनला तो चिरतो किंवा त्याचा क्लॅम्प सैल असतो. इम्पल्सची बारीक नळी (इंजिनचा दाब कार्बोरेटरच्या पंपाला पोचवणारी) पण बघ. ते ठीक असेल तर क्रँकचं ऑइल सील, आणि तू म्हणतोस त्यावरून क्लचच्या बाजूचं असावं. चालू मशीनवर स्प्रे मारून बघायचे उद्योग करू नकोस, सायलेन्सर तापलेला असतो. प्रेशर टेस्ट करणारा कोणी असेल तर त्याच्याकडून करून घे.

दोन_स्ट्रोक
+१. आणि हे मीटरनेच दाखवलं बरं का काका 😀 नुसत्या कानाला ३६०० आणि २८०० चा फरक एवढा स्वच्छ कळला नसता.

जुना_फिटर (ग्वाल्हेर)
मला कळला असता. असो. सील काढलंस की जुनं फेकू नकोस, त्यावर सहसा माप छापलेलं असतं, तेच घेऊन दुकानात जा, तोंडी ५८ सीसी चं द्या म्हटलंस तर काहीही देतील. क्लच काढताना लक्षात ठेव, त्याचा आटा उलटा असतो.