घोरणे कमी व्हावे म्हणून गादी, उशी आणि पलंग यांची निवड कशी करावी?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझ्या यजमानांचे वय ५३ आहे आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांचे घोरणे इतके वाढले आहे की, भिंतीपलीकडच्या खोलीत झोपणाऱ्या सासूबाईंचीही झोपमोड होऊ लागली आहे. ते उताणे झोपले की आवाज टिपेला पोहोचतो आणि कुशीवर वळवले की बराच उतरतो. परंतु थोड्याच वेळात खालच्या बाजूचा खांदा अवघडतो आणि ते झोपेतच पुन्हा उताणे होतात. आमचा पलंग ६ बाय साडेसहा फुटांचा, खाली पेटी आणि वर हायड्रॉलिकवर उचलले जाणारे झाकण, अशा प्रकारचा आहे. त्यावर काथ्या आणि फोम यांची जुनी गादी असून तिला मधोमध खळगा पडला आहे. सध्या दोन उशा एकावर एक ठेवून पाहत आहोत, पण त्याने आवाज कमी झाल्याचे जाणवत नाही.

गादीच्या दुकानात चौकशी केली असता, कडक ‘ऑर्थो’ गादी घेतल्यास घोरणे थांबेल, असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले. किंमत लहान नाही, म्हणून विचारते: गादीने खरोखर फरक पडतो का, की पलंगाची उशाकडची बाजू उचलणे अधिक उपयोगी ठरेल? पेटीच्या पलंगाला पाय नसल्यामुळे खाली विटा किंवा ठोकळे ठेवण्याची सोय नाही.

मध्यरात्र

ताई, मी निद्रा-तपासणी केंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे घोरणारी माणसे पाहणे हाच माझा रोजचा उद्योग आहे. घोरण्याचा आवाज येतो तो टाळूचा मागचा मऊ भाग, पडजीभ आणि घशाच्या भिंती थरथरल्यामुळे. झोपेत तेथील स्नायू सैलावतात. माणूस उताणा असेल तर जिभेचे मूळ स्वतःच्या वजनाने मागे ढळते, हवेची वाट अरुंद होते आणि त्या वाटेतून जोराने जाणारी हवा सैल पडलेल्या भागांना फडफडवते. यात गादीचा थेट हात कुठेच नाही. ती करू शकते ते एवढेच की, कुशीवर झोपणे शरीराला सोसवेल अशी सोय करून देणे. आणि कुशीवर वळल्यावर आवाज उतरतो असे आपण लिहिले आहे, म्हणजे आपल्या बाबतीत ही सोय मोलाची आहे.

दोन उशा आजच काढाव्यात. त्यांनी फक्त डोके उचलले जाते, हनुवटी छातीकडे झुकते आणि मान दुमडल्यामुळे घसा आणखी आवळला जातो. उचलायचे असेल तर कमरेपासून वरचा सगळा भाग एका सरळ उतारावर आला पाहिजे. कुशीवर झोपताना उशी एकच असावी, मात्र तिची जाडी खांद्यापासून कानापर्यंतचे अंतर भरून काढणारी असावी, म्हणजे मान ना खाली लोंबकळते ना वर मुडपते. पाठीशी एक घट्ट लोड लावल्यास उताणे होण्याला अडसर होतो. सदऱ्याच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवण्याची युक्ती जुनी आहे आणि ती लागूही पडते. फक्त फार थोडी माणसे ती दीर्घकाळ चालू ठेवतात. रात्री मद्य घेण्याची सवय असेल किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर स्नायू अधिक सैलावतात आणि गादी-उशीवर केलेल्या खर्चावर पाणी पडते.

एक गोष्ट मात्र आधी सांगावी. घोरता घोरता आवाज अचानक बंद पडतो, काही क्षण शांतता असते आणि मग ते गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतात, असे होते का? दिवसा बसल्या जागी डुलकी लागते का? रक्तदाब आहे का?

रंधा (सांगली)

आमचे फर्निचरचे काम आहे आणि त्याच्या जोडीला गाद्याही बनवून देतो, म्हणून पलंगापुरते लिहितो. पेटीचा पलंग खालून उचलण्याच्या फंदात पडू नये. झाकणाचे वजन एकीकडे आले की हायड्रॉलिकच्या दांड्यांवर ताण येतो. उतार झाकणाच्या वर, म्हणजे फळी आणि गादी यांच्यामध्ये द्यावा. १८ मिलिमीटर प्लायची एक फळी घेऊन उशाच्या बाजूला खाली आडव्या पट्ट्या मारायच्या आणि पायथ्याकडे त्यांची उंची कमी करत शून्यावर आणायची. साडेसहा फूट म्हणजे ७८ इंच. तेवढ्या लांबीवर उशाकडे ६ इंच उचलले तर उतार साधारण साडेचार अंशांचा होतो आणि १० इंच उचलले तर साडेसातच्या आसपास जातो. सुरुवात ६ इंचांनी करावी. त्याहून अधिक उतारावर माणूस रात्रभर पायथ्याकडे घसरत राहतो, चादर गोळा होते आणि सकाळी कुरकुर सुरू होते. फळी आणि गादी यांच्यामध्ये रबराची जाळीदार चटई टाकल्यास गादी जागेवर राहते.

६ फूट रुंदीची सलग गादी घेण्याऐवजी ३-३ फुटांच्या दोन घ्याव्यात. उतार फक्त यजमानांच्या बाजूला देता येतो, आपल्याला तिरके झोपावे लागत नाही, आणि एकाच्या कूस बदलण्याने दुसऱ्याची झोप मोडत नाही.

आता ‘ऑर्थो’बद्दल. या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाद्या कडक असतात; कडक गादीवर कुशीवर झोपले की खांदा आत जात नाही आणि सगळा भार त्याच एका हाडावर येतो. आपल्याकडे अडचण नेमकी तीच आहे. खाली ४० डेन्सिटीचा (म्हणजे दाट) फोम किंवा रीबॉन्डेडचा, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला, भक्कम थर आणि वर दीड-दोन इंच लॅटेक्स किंवा मेमरी फोम, अशी जोडणी मला अधिक योग्य वाटते. मेमरी फोम उन्हाळ्यात अंगाला तापतो. नाशिकला चालून जाईल, पण विदर्भातल्या कोणाला मी तो सुचवणार नाही. खळगा पडलेली जुनी गादी उतारावर ठेवून उपयोग नाही, कारण कंबर खड्ड्यात जाते आणि उताराचा हेतूच बाद होतो.

गोदाकाठ (नाशिक)

दोघांचेही मनापासून आभार. मध्यरात्र यांनी विचारलेल्या सर्व प्रश्नांची उत्तरे दुर्दैवाने होकारार्थी आहेत. श्वास थांबल्यासारखा वाटतो तेव्हा मी घाबरून त्यांना हलवते. संध्याकाळी बातम्या पाहता पाहता ते खुर्चीतच पेंगतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि सदऱ्याची कॉलर १७ इंचांची लागते. अशा वेळी गादीची खरेदी थांबवावी का?

मध्यरात्र

होय, खरेदीच्या आधी तपासणी करावी. आपण जे वर्णन केले आहे ते झोपेत श्वसनमार्ग बंद पडण्याच्या विकाराकडे, म्हणजे स्लीप ॲप्नियाकडे बोट दाखवते. डॉक्टर ज्या ८ प्रश्नांच्या ‘स्टॉप-बँग’ यादीने प्राथमिक अंदाज घेतात, तिच्यात मोठे घोरणे, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कोणी पाहणे, रक्तदाब, पन्नाशीपुढचे वय, गळ्याचा मोठा घेर आणि पुरुष असणे हे मुद्दे येतात. १७ इंच म्हणजे ४३ सेंटिमीटर, म्हणजे तेही त्यात बसते. आठवा मुद्दा वजनाचा आहे, तो आपण लिहिलेला नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा छातीविकारतज्ज्ञ यांना दाखवून रात्रभराची तपासणी करून घ्यावी. अनेक ठिकाणी यंत्र घरी नेऊनही ती करता येते. श्वास तासाला सरासरी किती वेळा अडतो हे तीत मोजले जाते: ५ पर्यंत सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र.

अहवाल सौम्य आला आणि त्रास मुख्यतः उताणे झोपल्यावरच होतो असे दिसले, तर उतार, लोड आणि खांद्याला सोसणारी गादी यांना उपचारात खरी जागा मिळते. तीव्र आला तर सीपॅपचे यंत्र लागेल. मास्कमधून येणारा हवेचा दाब घसा उघडा ठेवतो, आणि हे काम फळीच्या उताराने होणारे नाही. तोवर त्यांनी लांबचे वाहन चालवू नये, हे आग्रहाने सांगतो.

खाजण (रत्नागिरी)

एक छोटी पुस्ती. नाक चोंदले की माणूस तोंडाने श्वास घेतो आणि घोरणे वाढते; जुन्या गादीतली धूळ आणि त्यात वाढणारे सूक्ष्म किडे हे त्याचे नेहमीचे कारण असते. आमच्याकडे पावसाळ्यात गादीच्या खालच्या अंगाला बुरशी धरते, कारण पेटीच्या पलंगाला हवा लागत नाही. रंधा यांनी सांगितलेल्या फळीला भोके पाडून घ्यावीत. उशांचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला कढत पाण्यात धुवाव्यात.

रंधा (सांगली)

भोकांची सूचना रास्त आहे. इंचभर व्यासाची, वीतभर अंतरावर पाडली तरी फळीची ताकद जात नाही. ताई, अहवाल आल्यावर गादी घ्यायला जाल तेव्हा यजमानांना आणि त्यांच्या नेहमीच्या उशीला बरोबर न्या. हाताने दाबून काही कळत नाही. दुखऱ्या खांद्याच्या कुशीवर त्यांना निदान पंधरा मिनिटे पडू द्या आणि आपण पाठीमागे उभे राहून त्यांचा कणा मानेपासून कमरेपर्यंत एका रेषेत दिसतो का ते पाहा. विक्रेता घाई करू लागला तर दुसरे दुकान गाठा.