‘कडक’ चहा म्हणजे नक्की कसा? चवीचे आणि कृतीचे शब्द

कपबशी :
चहाच्या पाकिटांवर आणि पाककृतींत ‘कडक’ हा शब्द सरसकट येतो. कुणाला त्यातून गडद रंग सांगायचा असतो, कुणाला तुरटपणा, कुणाला दुधाचा दाटपणा, तर कुणाला नुसता आल्याचा झणका. मग ‘कडक कर’ म्हटल्यावर पूड वाढवायची, जास्त उकळायचं की पाणी कमी करायचं? ‘उकळणे’, ‘कढ आणणे’, ‘मुरू देणे’ यांत काय फरक धरावा, आणि कॉफीच्या ‘डिकॉक्शन’ला (फिल्टरमधून उतरलेल्या घट्ट अर्काला) मराठीत काही आहे का, हेही सांगा.

जिभेचे चोचले :
कडक म्हणजे पाण्यात अर्क जास्त, एवढाच अर्थ धरला तर गोंधळ मिटतो. त्याच्या उलट शब्द आपल्याकडे झकास आहे: फुळकवणी. ही जोडी पूड आणि पाण्याच्या प्रमाणावर ठरते. कडू आणि तुरट हे प्रामुख्याने वेळेवर ठरतात. दाट हा चहात बहुतेक वेळा दुधाचा गुण.

तुरट आणि कडू एकच समजू नका. कडू ही चव आहे. तुरटपणा तोंडात जाणवतो, हिरड्या आवळल्यासारख्या होतात आणि जीभ कोरडी पडते. चहातली पॉलिफेनॉल नावाची तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात म्हणून तसं होतं. दूध घातलं की तीच पॉलिफेनॉल दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतात, म्हणून दुधाचा चहा कमी तुरट लागतो. कडूपणा मात्र दुधाने झाकला जातो, जात नाही.

म्हणून कडक हवा असेल तर पूड वाढवा, वेळ वाढवू नका. दीडशे मिलीच्या दोन कपांना २०० मिली पाणी, १२० मिली दूध आणि दाणेदार चहाचे दोन सपाट छोटे चमचे, म्हणजे साधारण ५ ग्रॅम. कडक करायचा तर ७ ग्रॅमपर्यंत जा. पूड पाण्यात मिनिट-दीड मिनिट उकळली की पुरे. मग गरम दूध, एक कढ, गॅस बंद, झाकण, दोन मिनिटं. तीच ५ ग्रॅम पूड सात-आठ मिनिटं खळखळ उकळून रंग काळपट येईल, पण वास वाफेबरोबर उडून जाईल. असा चहा कडक नाही, कढलेला.

दाणेदार चहा म्हणजे सीटीसी: पान रुळांत चिरडून, फाडून, वळवून केलेले दाणे. पृष्ठभाग जास्त उघडा, म्हणून रंग झटकन उतरतो. त्याची वेळ अखंड पानाच्या चहाला लावू नये. दार्जिलिंग उकळायचाच नाही. २०० मिली पाण्याला अडीच ग्रॅम, पाणी उकळून मिनिटभर थांबलेलं, आणि तीन मिनिटं. हिरव्या चहाला ७५–८० अंश. त्यावर उकळतं पाणी ओतून ‘ग्रीन टी कडूच असतो’ म्हणणं अन्यायाचं आहे.

शब्दखूळ :
कृतीच्या शब्दांबद्दल. ‘आधण’ म्हणजे काही शिजवायला किंवा टाकायला उकळत ठेवलेलं पाणी. त्यात अजून चहा नाही. ‘उकळी’ पाण्याला येते, ‘कढ’ दुधाला किंवा दूध घातलेल्या चहाला: एकदा वर आला, आच कमी केली, खाली बसला की एक कढ. ‘आटवणे’त हेतू पाणी घटवण्याचा असतो, चहात तो कुणाचाच नसावा. ‘मुरणे’ला आचेचा संबंध नाही. झाकून ठेवलं आणि आपोआप उतरू दिलं, ते मुरणं. किटलीतल्या चहाला ‘भिजवणे’ म्हणतात ते खटकतं. भिजवायची ती मटकी.

आयुर्वेदात हे भेद फार पूर्वीच नीट केलेले आहेत. पाण्यात उकळून आटवलेला तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. गरम पाणी ओतून गाळलेला तो फांट. गार पाण्यात रात्रभर ठेवलेला तो हिम. या हिशेबाने टपरीवरचा चहा क्वाथाच्या जवळचा, किटलीतला फांट, आणि हल्लीची कोल्ड ब्रू कॉफी म्हणजे चक्क हिम. (भरड कॉफी १ भाग, पाणी ८ ते १० भाग, फ्रिजमध्ये बारा ते सोळा तास, मग फडक्यातून गाळणे.)

गंमत म्हणजे इंग्रजी ‘डिकॉक्शन’चाही मूळ अर्थ उकळून काढलेला काढा असाच आहे, आणि फिल्टर कॉफीत पूड उकळतच नाही! तरी शब्द बदलायच्या फंदात पडू नये. ‘काढा’ म्हटलं की ताप-खोकला आठवतो. डिकॉक्शनच राहू द्या.

मुक्काम बेळगाव :
डिकॉक्शन राहू द्या, पण दळण्याचे शब्द मराठीच वापरा. कॉफीवाले ‘मीडियम फाइन’ म्हणतात त्यावरून काही कळत नाही. आपल्याकडे भरड, जाडसर, रवाळ, पिठाळ, वस्त्रगाळ अशी उतरंड तयार आहे. फ्रेंच प्रेसला (जाळीच्या दट्ट्याने पूड खाली दाबायचं भांडं) भरड, कागदी गाळणीच्या कॉफीला जाडसर, पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरला (एकावर एक दोन भांडी, वरच्याच्या तळाला भोकं) बारीक रव्यासारखी रवाळ. वस्त्रगाळ फक्त तुर्की पद्धतीला, जिथे कॉफी न गाळताच पितात.

फिल्टरला २० ग्रॅम पूड, १२० मिली पाणी, पंधरा ते वीस मिनिटं. पूड सपाट करा, चेपू नका. पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर दळण जाड आहे किंवा पूड कमी, आणि डिकॉक्शन फुळकवणीच होणार. थेंबच पडत नसेल तर पूड पिठाळ आहे, जास्त दाबली आहे किंवा भोकं बुजली आहेत. वरचं भांडं धुऊन उजेडाकडे धरून बघा, बुजलेली भोकं लगेच दिसतात. एक भाग डिकॉक्शनला दोन ते तीन भाग गरम दूध. गरम करायचं ते दूध. डिकॉक्शन पुन्हा गॅसवर ठेवलं की जळकट लागतं.

‘दाट कॉफी’ या शब्दाने मात्र फसगत होते. दाटपणा नि काळा रंग बराचसा चिकोरीचा असतो. चिकोरी म्हणजे कासनीची भाजलेली मुळी, तिच्यात कॅफिन नसतं. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा आपल्याकडे नियम आहे आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं, तेवढं वाचा. ८०:२० ठीक. ५३:४७ घेऊन ‘कॉफी कडक आहे’ म्हणू नका, ती चिकोरी दाट आहे.

दुसरा फसवा शब्द ‘चेरी’. भारतीय कॉफीच्या व्यापारात (अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती) ‘प्लांटेशन’ म्हणजे धुऊन काढलेली अरेबिका, ‘पार्चमेंट’ म्हणजे धुतलेली रोबस्टा, आणि ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली, मग अरेबिका असो वा रोबस्टा. चेरीच्या फळाचा किंवा स्वादाचा इथे संबंध नाही. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल बी आलेली.

कपबशी :
आलं घातल्यावर दूध फाटतं, त्याला ‘दूध नासकं होतं’ म्हणावं का?

जिभेचे चोचले :
नाही. फाटलेलं दूध नासकंच असतं असं नाही. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, ते दूध फाडतं. आलं ठेचून आधणातच दोन मिनिटं उकळा, एन्झाइम निकामी होतं. गुळाच्या चहात दूध आणि गूळ एकत्र उकळू नका. गॅस बंद करून, चहा जरा निवला की गूळ घाला.

आणखी एक: कोऱ्या चहावर चमकदार पापुद्रा दिसतो, त्याला काही जण ‘साय’ म्हणतात. साय दुधाची. हा तवंग. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम आणि चहातली पॉलिफेनॉल यांचा तो थर. गाळण-यंत्राने पाणी मृदू होत असेल तर त्या पाण्याचा करा, नाहीतर लिंबाचे दोन थेंब पिळा.

शब्दखूळ :
‘पत्ती’, ‘पूड’, ‘पावडर’ यांपैकी काहीही म्हणा, भांडण नको. फक्त दुकानात ‘डस्ट’ मागताना ती कचरा नव्हे हे लक्षात असू द्या. तो बारीक चाळणीचा दर्जा आहे, रंग सगळ्यात लवकर देतो. सुटा चहा घेताना चमचाभर पांढऱ्या कागदावर पसरा. दाणे एकसारखे, काळपट तपकिरी हवेत. लालसर काड्या-तंतू जास्त दिसले तर देठ भरपूर आहे.

मुक्काम बेळगाव :
बिघडण्याचेही शब्द वेगळे ठेवावेत. चहा ‘सादळतो’: ओल धरतो, शेजारच्या मसाल्याचा वास घेतो, चव मिळमिळीत होते. कॉफी ‘खवट’ होते, कारण तिच्यात तेल आहे. सादळलेला चहा मंद तव्यावर परतून थोडा सुधारतो, खवट कॉफीला इलाज नाही. दळलेली कॉफी दोन आठवड्यांत संपेल एवढीच आणा. ताजेपणा बघायचा तर कागदी गाळणीत १५ ग्रॅम पूड घेऊन आधी ४० मिलीच गरम पाणी ओता आणि अर्धा मिनिट थांबा. बिया भाजताना तयार झालेला वायू पुडीत अजून असेल तर पूड फुगून वर येते, बुडबुडे येतात. नुसतीच ओली होऊन बसली तर ती शिळी. डबा घट्ट झाकणाचा, काचेचा असेल तर कपाटात. फ्रिजमध्ये मुळीच नाही, दर वेळी बाहेर काढताना आत दव धरतं.