गयानाची नॅशनल सर्व्हिस: देश जोडायला की माणसं वाकवायला?

सातारकर_भटक्या
गयाना नकाशावर दक्षिण अमेरिकेत, पण क्रिकेट आणि राजकारणाने कॅरिबियनच. तिथे 1974 साली आफ्रिकी वंशाचे पंतप्रधान फोर्ब्स बर्नहॅम यांच्या सरकारने 'गयाना नॅशनल सर्व्हिस' काढली. शाळकरी पोरांची 'यंग ब्रिगेड', मोठ्यांची 'पायोनियर कोअर'. गणवेश, कवायत आणि जोडीला शेती. बर्बिस नदीकाठच्या किंबिया छावणीत पोरांनी कापूस पिकवला. मला कल्पना पटते. बहुतेक वस्ती समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्टीत, आत जंगल, आणि एसेक्विबो म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश देशावर व्हेनेझुएलाचा दावा. शिवाय आफ्रिकी आणि भारतीय वंशाची पोरं एका पंगतीला बसवणारं तिथे दुसरं काय होतं?

सुमेधा_ग
पंगत सक्तीची होती, ते तुम्ही गाळलंत. विद्यापीठात शिकायचं तर सेवा करा, हा नियम मुलींनाही होता. मे 1964 मध्ये विस्मारला भारतीय वंशाच्या लोकांची घरं जाळली, बायकांवर अत्याचार झाले, कुटुंबंच्या कुटुंबं नेसत्या वस्त्रांनिशी बोटींतून गाव सोडून गेली. दहा वर्षांनी त्याच समाजातल्या बापाला सांगायचं, लेकीला जंगलातल्या छावणीत धाड!

मी कॉलेजात एनसीसीत होते. पहिल्या कॅम्पच्या संमतीपत्रावर बाबांनी दोन दिवस सही केली नाही. कागद देवघराशेजारी, पेपरवेटखाली तसाच पडून. तिसऱ्या दिवशी सकाळी केली. त्यांना 'नाही' म्हणता येत होतं. गयानातल्या बापाला नव्हतं येत. माझ्यासाठी सगळा वाद त्या एका कागदाचा आहे.

सातारकर_भटक्या
कागद समजला. पण लष्करात आणि पोलिसांत आधीच आफ्रिकी वंशाचे बहुसंख्य. ऐच्छिक ठेवली असती तर इथेही तेच झालं असतं. मग एकत्र यायचं कुठे?

खारफुटी
भारतीय वंशाचे लोक लांब का राहिले, तेही बघा की. 1973 च्या निवडणुकीत लष्कराने मतपेट्या ताब्यात घेतल्या, बर्बिस भागात दोन तरुण गोळीबारात मेले. त्याच सरकारच्या छावणीत कोण विश्वासाने पोर पाठवेल? आणि याला निव्वळ वंशाचं भांडण समजू नका. वॉल्टर रॉडनी आफ्रिकी वंशाचे, नावाजलेले इतिहासकार. 1974 मध्येच त्यांची गयाना विद्यापीठातली नेमणूक सरकारने रोखली.

सातारकर_भटक्या
मतपेट्यांचा मुद्दा मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. तरी 2000 मध्ये संस्था बंदच केली, हे मला चुकीचं वाटतं. सक्ती काढून चालू ठेवायची होती. शेती, कवायत, एकत्र राहणं, यात वाईट काय होतं?

सुमेधा_ग
काहीच नाही. पहिल्या दिवसापासून ऐच्छिक असती, तर त्या वयात मीही नाव दिलं असतं.