डिसेंबरात कोल्हापूर: मुलांना चालायला कुठं न्यावं?

प्रेषक: मार्कहॅमहून (माहेर शाहूपुरी)

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरला निघालोय. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा अकराचा. इथल्या, कॅनडातल्या रूज पार्कमुळं दोघांना चालायची चांगली गोडी लागलीय. व्हिस्टा ट्रेल, मास्ट ट्रेल त्यांना डोळे मिटून सांगता येतात. मागच्या वेळी मात्र कोल्हापुरात आम्ही सगळं गाडीनंच केलं. पन्हाळ्यावर गाडी, जोतिबाला गाडी, फोटो काढायचे आणि जेवायला घरी. लेकीनं शेवटी विचारलंच, "आई, इथं कुणी चालत नाही का?"

शहराच्या जवळपास, सकाळी निघून दुपारपर्यंत परत येता येईल, अशा वाटा आहेत का? पाट्या, नकाशे असतात का? सासूबाईही बरोबर आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, पण घरी बसायला त्या तयार नाहीत.

---

प्रेषक: कोल्हापूरहून (मंगळवार पेठ, पूर्वी स्कारबरो)

ताई, नमस्कार.

तुमच्या लेकीला सांगा, कोल्हापूर पुष्कळ चालतं. रस्त्यावरून गाडीनं गेलं की ते दिसत नाही, एवढंच.

मुलाकडं राहायला होतो तेव्हा रूज पार्कात मी मनसोक्त हिंडलोय. सुमारे 79 चौरस किलोमीटरचं ते रान, 2015 साली कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय नागरी उद्यान झालं. वाटेच्या तोंडाशीच नकाशा, अंतर, चढ, सगळं लिहिलेलं. आपल्याकडं तसं मिळणार नाही. इथल्या पायवाटा हौशी लोकांसाठी आखलेल्या नाहीत. गुराखी, वैरणीचा भारा आणणाऱ्या बायका, देवाला जाणारी माणसं यांच्या पायांनी त्या पडल्यात. ही माणसं चालायची थांबली की दोन पावसाळ्यांत वाट झुडपात जाते. म्हणून माझा आग्रह आहे की फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर जाऊ नका, गावातला माणूस बरोबर घ्या. त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्या, आणि ती आधी ठरवा.

पहिली वाट जोतिबाची. माघात रविवारी खेटे घालतात, म्हणजे देवाला पायी वाऱ्या करतात, तेव्हा पंचगंगा घाटावरून पहाटे माणसं निघतात आणि वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखाशी पोचून डोंगर चढतात. कितीतरी जण अनवाणी असतात. मागून कुणी "जोतिबाच्या नावानं" म्हणालं की पुढच्यानं "चांगभलं" म्हणायचं, चढ कसा सरतो कळत नाही. तुम्ही डिसेंबरात येताय, खेटे मिळणार नाहीत, पण वाट तीच आहे. मुलांना सगळं अंतर चालवू नका. कुशिऱ्यापर्यंत गाडीनं जा, तिथून पायी. त्याच अंगाला पोहाळ्याची लेणी आहेत. कातळात कोरलेला खांबांचा विहार, भोवती भिक्षूंच्या खोल्या. एकेका खोलीत मुलांना आत जाऊन बसू द्या. जोतिबाला गाडीनं जाणारी किती माणसं या लेण्यांच्या जवळून पुढं निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

सासूबाईंना त्याच गाडीनं रस्त्यानं वर न्या. तुम्ही डोंगर चढून देवळात पोचा, भेट तिथंच होईल.

वाटेत ऊसतोड जोरात असेल. गुऱ्हाळ दिसलं की थांबा, विचारून आत जा. मोठ्या काहिलीत रस उकळत असतो, वर मळी येते ती झाऱ्यानं काढून टाकतात, आणि पाक झाला की तो थंड करायच्या वाफ्यात ओतून घोटतात. मुलांना काहिलीपासून लांब ठेवा. गरम गूळ किंवा काकवी हातावर मिळाली तर नाही म्हणू नका.

कपड्यांचं नीट ऐका. तिकडं टिक, म्हणजे गोचीड, चावू नये म्हणून आपण पँट मोज्यात खोचतो. इथं डिसेंबरात गवत वाळलेलं असतं आणि कुसळं लोकरीच्या, विणीच्या मोज्यांत घुसतात. टोकदार बाजू आत शिरते आणि प्रत्येक पावलागणिक ती आणखी पुढं सरकते. बाहेर ओढलं तर मोडतं. गुळगुळीत कापडाची लांब पँट मोज्यावरून खाली सोडा, कुसळ टिकत नाही.

दुसरी वाट पन्हाळ्याची. गड गाडीनं बघितलात, आता पुसाटी बुरुजापर्यंत पायी जा. पुढं म्हाळुंग्यावरून मसाई पठार. 1660 च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ते याच दिशेनं, विशाळगडाकडं. दर पावसाळ्यात त्या वाटेनं पावनखिंडीपर्यंत मोहिमा जातात. मुलांना एवढं नको, पठारावर तासभर हिंडलात तरी त्या रात्री पालखी घेऊन धावणाऱ्यांनी काय केलं असेल ते कळेल.

एक काळजी घ्या. गवे हल्ली उसापर्यंत येतात. 2021 च्या डिसेंबरात तर पार शहरापर्यंत आले होते. गवा दिसला तर फोटोसाठी जवळ जायचं नाही, ओरडायचं नाही, आल्या वाटेनं मागं फिरायचं. पहाटे अंधारात उसाच्या कडेनं चालणं टाळा.

---

प्रेषक: मिसिसागाहून (मूळ गाव पन्हाळा तालुका)

काकांचं सगळं पटलं, मसाईबद्दल मात्र मला भर घालायची आहे.

डिसेंबरात तिथं फुलं नसतात. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं हा भाद्रपद-आश्विनातला थाट. पण म्हणून पठार रिकामं समजू नका. खाली जांभा आहे, वर माती जेमतेम, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. पुढच्या पावसाळ्याची बियाणी त्याच मातीत पडलेली असतात. तिथं गाडीचं चाक फिरलं की माती दबते, सुटते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. मग तिथं वर्षानुवर्षं काही उगवत नाही. लोक पठारावर गाड्या घालतात, चाकांच्या चकऱ्या मारतात. बघून जीव तुटतो. 2022 साली या पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, पण तिथं कुंपण नाही. कृपा करून गाडी कडेला थांबवा आणि चालत आत जा. गाडीवाल्यालाही आधीच बजावा.

आणि काडी, सिगारेट, चूल, काही नको. वाळल्या गवताला वणवा लागायला वेळ लागत नाही, आणि ते गवत म्हणजे कुणाच्या तरी जनावरांची उन्हाळ्याची वैरण असते.

---

प्रेषक: मार्कहॅमहून

काका, दादा, मनापासून आभार. मुलांना मेल वाचून दाखवली, गुऱ्हाळाचं नाव काढताच मुलगा उड्या मारायला लागला. दोन शंका आहेत. आल्या आल्या, झोपेचं वेळापत्रक बिघडलेलं असताना पहिल्या दिवशी कुठं जावं? आणि दाजीपूरचं जंगल चालत करता येतं का?

---

प्रेषक: कोल्हापूरहून

पहिल्या दिवशी शिवाजी विद्यापीठाचा परिसर. 853 एकर आहे, झाडी, तळी, मोरांचा केकारव. पहाटे तीनलाच जागे झालात तरी उजाडेपर्यंत घरीच थांबा. बाहेरच्यांना आत कधी सोडतात ते गेटवर विचारून घ्या. सपाट वाट आहे, सासूबाईसुद्धा येतील. दमल्या तर बसतील.

दाजीपूर म्हणजे राधानगरी अभयारण्य, गव्यांचं घर. तिथं मनाला येईल तसं पायी हिंडता येत नाही. वनखात्याची परवानगी घेऊन, त्यांच्या नियमानं, ठरलेल्या वाटेनंच. दिवस राखून ठेवा, कोल्हापूरहून अंतर बरंच आहे.

जोतिबाला रविवार टाळा. मंगळवार-बुधवार ठरवलात तर कुशिऱ्यातला माझ्या ओळखीचा एक गुराखी बरोबर येईल, त्याच्याशी मी बोलून ठेवतो. पाणी माणशी दोन लिटर, आणि रिकाम्या बाटल्या परत पिशवीत.