मदत हवी आहे: सातवीच्या मुलांची रोजनिशी टॅबवर कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी चाळीसगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते. वर्गात रोजनिशी सुरू आहे. परिपाठ झाला की दहा मिनिटं, शंभर पानी वही, विषय ज्याचा त्याने ठरवायचा. या वहीत मी शुद्धलेखन तपासत नाही, लाल पेन तर लावतच नाही. खाली दोन ओळींचं उत्तर लिहिते, बस्स. सुरुवातीला सगळ्यांचं एकच: सकाळी उठलो, दात घासले, शाळेत आलो. दिवाळीनंतर मात्र वह्यांचा नूर पालटला. कापूस वेचायला जाणारी एक मुलगी लिहिते, की वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला लागतात आणि रात्री भाकरी मोडताना मिठाने झोंबतं. एका मुलाने म्हैस विकली त्या दिवसाबद्दल तीन पानं लिहिली. हाच मुलगा 'माझा आवडता प्राणी' पाच ओळींत उरकतो. म्हणून ही रोजनिशी मला मोडू द्यायची नाही.

आता लोकसहभागातून शाळेला ६ टॅब मिळालेत. वर्गात ३४ मुलं. रोजनिशी त्यावर घ्या, असा आग्रह आहे, आणि त्यामागे एक कारण मलाही पटतं. दिवाळीच्या सुमारास काही कुटुंबं ऊसतोडीला जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. त्या मुलांची रोजनिशी तिथेच तुटते. फोनवरून लिहिता आलं तर ती फडावरूनही वर्गाशी जोडलेली राहतील.

बरीच ॲप्स चाळून पाहिली. पॅडलेट दिसायला छान, पण ती भिंत आहे, एकाचं सगळ्यांना दिसतं. शिक्षकाने मंजूर केल्यावरच मजकूर दिसेल अशी सोय आहे, तरी ते प्रदर्शनच. सीसॉवर मुलं क्यूआर कोड स्कॅन करून आपलं नाव निवडतात. पासवर्ड नाही, म्हणून सोपं; पण टॅब सामायिक असेल तर शेजारच्याच्या नावावर बोट ठेवायला कितीसा वेळ लागतो? गूगल क्लासरूममध्ये प्रत्येकाला डॉक्युमेंटची स्वतंत्र प्रत देता येते, ती फक्त ते मूल आणि शिक्षक पाहतात. हे मला हवं तसं आहे, पण खातं लागतं. १३ वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकाच्या खात्याला जोडून काढावं लागतं, आणि घरात फोन एकच, तोही वडिलांसोबत कामावर.

दुसरी अडचण टायपिंगची. वहीत पानभर लिहिणारं मूल टॅबवर दहा मिनिटांत दोन ओळींवर अडतं. बोलून टाईप करून पाहिलं, तर घरची भाषा अहिराणी. 'माय वावरमा गई' म्हटलं की 'वावरमा'चं भलतंच काहीतरी उमटतं. मग मुलं यंत्राला समजेल असं पुस्तकी बोलू लागतात आणि मजकूर पुन्हा दात घासण्यावर येतो.

कोणी प्रत्यक्ष वर्गात हे केलं असेल तर सांगा. खर्चाला पैसे नाहीत. नेट म्हणजे माझ्या फोनचा हॉटस्पॉट.

प्रतिसाद १ (माध्यमिक शिक्षक, सोलापूर)

मॅडम, आमच्याकडे आठवीला गूगल फॉर्मवर चालतं. मुलांची खाती लागत नाहीत. फॉर्ममध्ये तीन रकाने: हजेरी क्रमांक, गुप्त आकडा आणि मोठा मोकळा चौकोन. गुप्त आकडा प्रत्येकाला चिठ्ठीवर द्या, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने कोणी लिहिलं तर पकडता येतं. आलेलं सगळं फक्त तुमच्या शीटमध्ये तारीख-वेळेसह जमा होतं.

सेटिंग्ज मात्र नीट बघून घ्या. निकालांचा सारांश दाखवण्याची सोय चुकूनही चालू करू नका, नाहीतर सगळ्यांचे प्रतिसाद सगळ्यांसमोर येतील. पाठवलेला प्रतिसाद बदलू देण्याची सोयही बंद ठेवा. एका व्यक्तीला एकच प्रतिसाद अशी मर्यादा घातली तर फॉर्म खातं मागतो, तेव्हा तीही नको.

याची उणीव एकच, पण मोठी आहे. तुमच्या दोन ओळींचं उत्तर मुलाला तिथे दिसत नाही. मी ती वहीतच लिहितो.

प्रतिसाद २ (सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पुणे)

नेटशिवाय करायचं असेल तर मूडलबॉक्स बघा. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक असतो, त्यावर मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) बसवून तो स्वतःचं वायफाय तयार करतो. टॅब त्याला जोडायचे. प्रत्येक मुलाला वेगळं नाव आणि पासवर्ड, खरा ईमेल असण्याची गरज नाही, लेखन फक्त शिक्षकाला दिसतं आणि तुम्ही खाली उत्तरही देऊ शकता. मूडल काही प्रमाणात मराठीत आहे आणि फुकट आहे. खर्च त्या छोट्या संगणकाचा, आणि सुरुवातीला बसवून द्यायला जाणतं माणूस हवं. अर्थात ऊसतोडीच्या मुलांना याचा उपयोग नाही, ते वर्गापुरतंच.

दुसरं, कुठलंही साधन निवडलंत तरी पालकांची लेखी संमती घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद त्यात आहे. १३ वर्षांची अट गूगलची आहे, कायद्याची नाही. पुष्कळ शाळा इथे गफलत करतात.

प्रतिसाद ३ (शालेय समुपदेशक)

साधनाआधी एक गोष्ट ठरवा, ताई. मुलांना तुम्ही काय शब्द दिला आहे? 'हे फक्त माझ्यात आणि तुझ्यात' असं म्हटलं असेल तर तो शब्द प्रत्येक वेळी पाळता येणार नाही. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल लिहिलं, तर पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. पहिल्याच दिवशी मुलांना सोप्या भाषेत सांगा: तुझं लिहिलेलं मी वर्गात वाचणार नाही, पण तुला कोणी इजा करतंय असं कळलं तर मी गप्प बसणार नाही. आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. मी अनेक वर्गांत पाहिलंय, असं सांगितल्याने मुलं लिहायची थांबत नाहीत.

ऑनलाइन लेखनात आणखी एक जबाबदारी येते. वही तुम्ही रोज उघडता. फॉर्मवर रात्री अकराला आलेला मजकूर तुम्ही कधी वाचणार, हे मुलांना माहीत असायला हवं. नाहीतर मूल उत्तराची वाट बघत बसतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. यातून एवढं ठरवते आहे: शाळेत असलेल्या मुलांची वही बंद करणार नाही. टॅबवर आठवड्यातून एकदा वेगळं लेखन घेईन, जे मुलांना इतरांना दाखवायचंच आहे ते. त्यासाठी पॅडलेट चालेल. टायपिंगचा सरावही तिथेच होईल. १०९८ आणि समुपदेशक ताईंनी सांगितलेली वाक्यं सोमवारच्या परिपाठातच सांगते.

ऊसतोडीच्या मुलांचा प्रश्न मात्र तसाच आहे. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवा म्हटलं तर अहिराणीचा अडसर जातो, मुलं मोकळी बोलतील. पण वडिलांच्या फोनवरून पाठवलेलं वडील ऐकणारच. मुलगी म्हणाली की मला फड आवडत नाही, शाळेत परत यायचंय, तर ते तिने कोणाच्या कानावर पडू द्यायचं हे तिनेच ठरवावं असं मला वाटतं.

प्रतिसाद १ (माध्यमिक शिक्षक, सोलापूर)

त्यांच्यासाठी फॉर्मच ठेवा. खात्याविना उघडलेल्या फॉर्मवर पाठवलेला मजकूर फोनवर राहत नाही, व्हॉट्सॲपसारखा मागे दिसत नाही. आमच्या काही मुलांना मी जाताना शंभर पानी वही आणि पत्ता लिहिलेली, तिकीट लावलेली पाकिटंही देतो. ज्यांना फोन मिळत नाही त्यांची पत्रं पोस्टाने येतात. उत्तर मी मुकादमाच्या (तोडणीची टोळी नेणाऱ्याच्या) पत्त्यावर पाठवतो, पाकीट बंद करून. जाण्याआधी मुकादमाचं गाव आणि कारखान्याचं नाव तेवढं लिहून घ्या.